५२३ कुठून आले?

एप्रिलमधल्या एका शनिवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज आला : ‘सर, शून्य येतंय.’ खाली लॅपटॉपच्या पडद्याचा तिरका फोटो. काळ्या पडद्यावर एकच ओळ आणि तिच्या शेवटी ०.०. मागे स्पायरल बाइंडिंग केलेल्या रिपोर्टचा निळा कोपरा दिसत होता. बाइंडिंग त्याच दिवशी दुपारी झालं होतं, सोमवारी जमा करायचं होतं.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि आठवड्यातले तीन दिवस नेरुळच्या बाजूच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला शिकवतो. मेसेज पाठवणारी घणसोलीची विद्यार्थिनी माझ्याकडे प्रकल्प करत होती. वर्गातली सगळ्यात काटेकोर मुलगी. तिच्याकडून शून्य आलं म्हणजे एखादा कंस चुकला असेल, असं मी गृहीत धरलं आणि ‘उद्या बघू’ असं लिहून झोपलो. खरं तर ते शून्य बरोबर होतं. चूक त्या निळ्या रिपोर्टात होती आणि तिची अर्धी जबाबदारी, अगदी अक्षरशः अर्धी, माझी होती.

प्रकल्प काय होता

हीलियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो आयन हायड्रोजनसारखाच असतो. एक केंद्रक, एक इलेक्ट्रॉन, फक्त केंद्रकाचा भार दुप्पट. १एस ही त्याची सगळ्यात खालची अवस्था, २एस आणि २पी तिच्या वरच्या. अशा आयनातला इलेक्ट्रॉन २एस अवस्थेत अडकला तर खाली १एसमध्ये उतरायला त्याला सरळ वाट नसते. शेजारच्या २पी अवस्थेतून तो एक फोटॉन टाकून सुमारे ०.१ नॅनोसेकंदात खाली येतो. पण २एस आणि १एस या दोन्ही अवस्था गोलाकार, दोघींची समता (केंद्रकाभोवती सगळं उलट केलं तर चिन्ह बदलतं की नाही, तो गुण) सारखी. नेहमीच्या द्विध्रुव संक्रमणात फोटॉन कोनीय संवेगाचा एक हिस्सा घेऊन जातो आणि समता उलटते, म्हणून ते दार इथे बंद. एका फोटॉनचं दुसरं एक चुंबकीय दार आहे, पण हीलियमच्या आयनात ते इतकं अरुंद की साधारण दोन लाख उतरणाऱ्यांत एखादाच तिथून जातो.

मग इलेक्ट्रॉन दोन फोटॉन एकदम सोडतो. एकूण ऊर्जा ठरलेली, ४०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. वाटणी मात्र ठरलेली नाही. हॉटेलात दोघांनी मिळून बिल भरावं तसं : एकाने १० दिले तर दुसऱ्याने ३०.८ द्यायचे, एकाने २० दिले तर दुसऱ्याने २०.८. त्यामुळे वर्णपटात रेघ येत नाही, शून्यापासून ४०.८ पर्यंत पसरलेला अखंड पट्टा येतो, मधल्या २०.४ भोवती दोन्हीकडे सारखा. असं दोन फोटॉनांचं उत्सर्जन शक्य आहे हे मारिया गोपर्ट-मायर यांनी गॉटिंगेनच्या आपल्या प्रबंधात मांडलं, तो १९३१ साली छापला गेला. पुढे त्यांना नोबेल मिळालं ते अणुकेंद्रकाच्या कवच-रचनेसाठी, १९६३ साली, याचा त्याच्याशी संबंध नाही. १९४० मध्ये ब्राइट आणि टेलर यांनी हायड्रोजनच्या २एसचं आयुष्य सेकंदाचा साधारण सातवा भाग येतं असं काढलं. १९५१ मध्ये स्पिट्झर आणि ग्रीनस्टीन यांनी ग्रहीय तेजोमेघांतल्या अखंड प्रकाशाचा हिशेब लावताना उतरण्याचा दर, म्हणजे आयुष्याचा व्यस्त, नेटका काढला : सेकंदाला ८.२३. प्रयोगशाळेत हे दोन फोटॉन एकाच वेळी पकडायला १९६५ उजाडलं. लिपेलेस, नोविक आणि टोल्क यांनी ते पकडले, आणि पकडले ते याच हीलियमच्या आयनातून.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंप आहे, तो लावला की शेजारच्या वर्गातले लोक दार लावून घेतात. तेव्हा प्रकल्प कागदावरचा आणि लॅपटॉपवरचा निवडला. दर हायड्रोजनसाठी काढायचा, मग केंद्रकाचा भार बदलून हीलियमचा आयन, मग सतरा इलेक्ट्रॉन काढलेला आर्गॉन. भाराच्या सहाव्या घाताने दर वाढतो, म्हणजे हीलियमला ८.२३ च्या ६४ पट : सुमारे ५२७. आयुष्य १.९ मिलिसेकंद. २पीच्या ०.१ नॅनोसेकंदाशेजारी ते मांडलं तर जवळपास दोन कोटी पट. मला हा विषय आवडतो त्याचं कारण यात लपायला जागा नाही. एकच इलेक्ट्रॉन, तरंगफलनं (त्याच्या अवस्थांची सूत्रं) हातानं लिहिता येतात, अंदाजाला वाव नाही. असं मला फेब्रुवारीपर्यंत वाटत होतं.

फेब्रुवारीतला गुरुवार

या हिशेबात इलेक्ट्रॉन २एसवरून निघतो, मधे कुठल्या तरी पी-अवस्थेत पाय टेकवल्यासारखं करतो आणि १एसला पोचतो. तो खरोखर तिथे थांबत नाही, पण गणित तसं मांडलं जातं. मधली पायरी कोणती हे ठरलेलं नसल्यामुळे सगळ्या पायऱ्यांची बेरीज घ्यावी लागते : २पी, ३पी, ४पी, अशी अनंतापर्यंत. आणि त्यापुढेही, म्हणजे इलेक्ट्रॉन आयनापासून सुटून मोकळा झालाय अशा अवस्थासुद्धा. त्या मोकळ्या अवस्थांना आम्ही सरळ कंटिन्युअम म्हणतो.

तिने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. सुरुवातीला तपासायला म्हणून वर एक ओळ टाकली, एन = ३, आणि खाली बेरीज चालवली २ पासून एनपर्यंत. ज्यांनी पायथन लिहिलंय त्यांना पुढचं कळलं असेल. पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही. २ ते ३ सांगितलं की ती फक्त २ घेते. म्हणजे बेरजेत एकच पद होतं, २पीचं. तिला वाटत होतं दोन आहेत. मला काय वाटत होतं हे सांगता येत नाही, कारण मी प्रोग्राम उघडूनच पाहिला नव्हता.

स्टाफरूमच्या टेबलावर तिने वही ठेवली. हीलियमसाठी दर आला होता १०४७.

मी आकड्याकडे बघितलं, डोक्यातल्या ५२७ शी लावून पाहिला आणि तीन सेकंदांत निदान केलं. ‘अगं, अर्धा राहिला!’

हा अर्धा काय ते सांगतो. एकाने १० दिले, दुसऱ्याने ३०.८, किंवा एकाने ३०.८ आणि दुसऱ्याने १०. माणसांची नावं असतील तर ही दोन वेगळी बिलं. फोटॉनांना नावं नसतात. शून्यापासून ४०.८ पर्यंत बेरीज घेतली की प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते, म्हणून समोर एक-द्वितीयांश लावायचा. विद्यार्थी तो दर वर्षी विसरतात. सूत्राच्या समोर मला तो दिसला नाही, म्हणून मी सांगितला.

तिने मान हलवली, वहीत ½ लिहिला, लॅपटॉपवर एका ओळीत ०.५ ने गुणलं. ५२३. माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये हाइंड्स, क्लेंडेनिन आणि नोविक यांचं १९७८ मधलं मोजमाप होतं : ५२५, कमी-जास्त ५. ५२३ त्याच्या आत बसत होतं. मी तिच्या वहीवर बरोबरची खूण केली. कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला. दोघंही खूश होतो.

त्यानंतर एन कुणी बदलला नाही. कशाला बदलेल? प्रयोगाशी जुळलं होतं.

जुळणी पुढे आणखी घट्ट झाली. आर्गॉनसाठी तिचा आकडा आला ३.६ नॅनोसेकंद. १९७२ मध्ये बर्कलीला मॅरस आणि श्मीडर यांनी मोजलेलं आयुष्य ३.५४, कमी-जास्त ०.२५. तेही बसलं. मग तिने भार आणि दर यांचा लॉग-लॉग आलेख काढला, रेघ सरळ आली, उतार बरोबर सहा. रिपोर्टात तिने त्या आलेखाखाली ‘पडताळणी’ असा मथळा दिला होता. मी तो वाचला आणि पुढे गेलो.

आता बघितलं की हसू येतं. प्रोग्राममध्ये भाराचा सहावा घात तिने स्वतःच बाहेर काढून समोर लिहिला होता. आत काहीही चुकलेलं असो, रेघ सरळ येणार आणि उतार सहाच असणार. बेरजेच्या जागी पानवाल्याचा हिशेब टाकला असता तरी.

रविवार

सकाळी ती ट्रान्स हार्बर लाइनने ठाण्याला आली. मी नऊ नंबरवर उतरवून घ्यायला गेलो नाही, पत्ता सांगितला होता, ती विचारत विचारत पोचली. आईने पोहे केले. डायनिंग टेबलवरची प्लॅस्टिकची फुलं बाजूला सरकवली आणि लॅपटॉप उघडला.

शून्य कुठून आलं ते आधी विचारलं. तिने वेगळंच काही केलं होतं, आणि कुणी सांगितलं नसताना. प्रकाशाशी इलेक्ट्रॉनचं नातं दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एका तऱ्हेत इलेक्ट्रॉन कुठे आहे ते येतं, म्हणजे स्थान. तिला लेंग्थ फॉर्म म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत त्याचा संवेग येतो. तिला व्हेलॉसिटी फॉर्म. दोन्हींतून उत्तर एकच यायला हवं, हा क्वांटम मेकॅनिक्सचा नियमच आहे. पोस्टरसाठी एक रकाना रिकामा राहत होता. तिला वाटलं, दुसऱ्या तऱ्हेचा आकडाही लिहावा, दोन सारखे आकडे शेजारी शेजारी छान दिसतील. एका तऱ्हेत ५२३ आले, दुसऱ्या तऱ्हेत शून्य.

‘मी रात्री तीनदा पुन्हा लिहिलं, सर. इंटिग्रल वेगळं काढून बघितलं. शून्यच.’

मी कागदावर काढायला बसलो. व्हेलॉसिटी फॉर्ममधल्या प्रत्येक पदात २एस आणि मधली पी-अवस्था यांच्या ऊर्जेतला फरक गुणक म्हणून येतो. श्रोडिंगरच्या समीकरणात २एस आणि २पी यांची ऊर्जा अगदी एकसारखी. फरक शून्य, म्हणून पद शून्य. (प्रत्यक्षात ती अगदी सारखी नसते, लॅम आणि रेदरफर्ड यांनी १९४७ मध्ये हायड्रोजनमध्ये तो बारीक फरक मोजला. पण हीलियमच्या आयनातही तो ४०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या तुलनेत नगण्य आहे, त्याने इथे काही वाचत नाही.) म्हणजे २पीचं पद व्हेलॉसिटी फॉर्ममध्ये नसतंच. तिचं शून्य बरोबर.

‘पण ३पीचं पद आहे ना,’ ती म्हणाली. ‘ते तरी शून्य यायला नको.’

इथे आम्ही दोघांनी एकदमच पडद्याकडे पाहिलं. तिने एनच्या ओळीवर कर्सर नेला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग रेंजच्या आत छापून बघायची एक ओळ टाकली. पडद्यावर उमटलं : २. बस, एवढंच.

‘एक मिनिट,’ म्हणत तिने एन ४ केला. व्हेलॉसिटीवाला आकडा शून्यावरून उठला. लेंग्थवाला ५२३ घसरून एकदम ३८० च्या खाली आला.

माझ्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. जो आकडा प्रयोगाशी जुळत होता तो आणखी एक योग्य पद घातल्यावर बिघडला होता. याचा अर्थ एकच निघतो. आधीची जुळणी खोटी.

दोन चुका एकमेकींना कशा भेटल्या

आधी अर्ध्याचं. मी तिचा प्रोग्राम पहिल्यांदाच नीट वाचला. फोटॉनच्या ऊर्जेवरच्या बेरजेची मर्यादा शून्य ते ४०.८ नव्हती. शून्य ते २०.४ होती. तिने फेब्रुवारीतच, मी काही बोलायच्या आधी, प्रत्येक जोडी एकदाच मोजली जाईल अशी अर्ध्यापर्यंतच बेरीज घेतली होती. वर्णपट मधोमध सारखा असल्यामुळे ते अगदी बरोबर आहे. समोर ½ नव्हता कारण तो मर्यादेत बसला होता. मी सांगितलेला ½ दुसरा होता, उपरा.

‘तेव्हा का नाही म्हणालीस?’

‘तुम्ही म्हणालात म्हणून लावला. आणि जुळलं पण.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वर्गात ‘सर, हे आधीच आहे’ असं म्हणायला मुलांना जागा आपणच ठेवत नाही, आणि काटेकोर मुलं त्यात जास्त सापडतात, कारण ती सांगितलेलं नीट करतात.

आता दुसरी चूक. एकटं २पी घेतलं तर दर किती येतो? हे हातानं निघतं, आम्ही त्याच टेबलावर काढलं. २पीचा १एसशी दुवा १.२९०, २एसशी ५.१९६, अणूच्या एककांत. गुणाकार ६.७०. मधली ऊर्जा दोन्ही फोटॉनांत वाटून जे उरतं त्याचं इंटिग्रल सोपं, नुसता पॅराबोला. हायड्रोजनसाठी येतात १६.३५. खरं उत्तर ८.२३. भागाकार १.९९.

दोन नाही, पण दोनच्या इतकं जवळ की माणूस फसणारच. यात काही खोल कारण असेल म्हणून मी पुढचे दोन दिवस शोधत होतो. नाही. निव्वळ योगायोग. २पीचं पद एकटं खूप मोठं आहे, ३पीपासून पुढची सगळी पदं त्याच्या उलट चिन्हाची, ती ते खाली ओढतात, आणि सगळ्यांनी ओढून झाल्यावर दर जवळजवळ निम्मा उरतो. निसर्गाने ‘अर्धा विसरलास’ असा चेहरा करून ठेवलेली जागा आहे ही. १६.३५ ला ६४ ने गुणा : १०४७. अर्धे करा : ५२३.

मग इतर तपासण्यांनी ही चूक का पकडली नाही, हेही त्या टेबलावरच उलगडलं. आर्गॉनच्या मोजमापाची मर्यादा सुमारे सात टक्के, आणि आमचा दर दोन फोटॉनांच्या खऱ्या दरापासून एका टक्क्याच्याही आत होता, त्याला ते कसं पकडेल? शिवाय आर्गॉनमध्ये ते अरुंद चुंबकीय दार बरंच रुंदावलेलं असतं. त्याचा दर भाराच्या दहाव्या घाताने वाढतो, आणि आर्गॉनमध्ये एकूण उतरणाऱ्यांपैकी सुमारे तीन टक्के त्यातून जातात. ते धरलं तर याच हिशेबाने आयुष्य सुमारे ३.४६ नॅनोसेकंद येतं. आम्ही ते धरलंच नव्हतं आणि तरीही जुळलं होतं. म्हणजे तिसरी चूकही त्या सात टक्क्यांच्या पोटात आरामात झोपली होती.

पकडू शकला असता तो वर्णपटाचा आकार. तो रिपोर्टात होता, पान ३१ वर, मी पाहिलेला. फक्त २पी घेतलं की आकार पॅराबोला येतो. खरा वर्णपट पॅराबोला नाही. तो कडेला भराभर चढतो आणि मधे पठारासारखा पसरतो. कडेपासून एक-दशांश अंतरावर खरा वर्णपट मधल्या उंचीच्या सुमारे ५७ टक्के उंच असतो. पॅराबोला तिथे फक्त ३६ टक्के. डोळ्यांना दिसावा एवढा फरक आहे. मी पान ३१ बघितलं तेव्हा अक्षांना एकके लिहिलीत का, एवढंच तपासलं. एका अक्षाला नव्हती. ती मी लाल पेनाने मागितली होती.

दुरुस्ती

एन वाढवत नेला तर काम होईल असं तिला वाटलं, आणि पहिल्या तासात मलाही. आम्ही दहा, वीस, पन्नासपर्यंत गेलो. उपरा ½ काढून टाकला होता. आकडे स्थिरावले, पण दोन तऱ्हांचे दोन वेगळ्या जागी. फोटॉनांची ऊर्जा सारखी वाटली जाते त्या मधल्या बिंदूवर लेंग्थ फॉर्म खऱ्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त देत होता, व्हेलॉसिटी फॉर्म खऱ्याचा जेमतेम सहावा हिस्सा. आणि एन आणखी वाढवून काही हलेना.

ही जागा मला सगळ्यात शिकवण्यासारखी वाटली, कारण इथे प्रोग्राममध्ये एकही चूक उरली नव्हती. बांधलेल्या सगळ्या अवस्था घेतल्या होत्या, अनंतापर्यंत जवळपास. राहिल्या होत्या त्या मोकळ्या. इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या अवस्थांचा या उतरण्याशी काय संबंध, असा प्रश्न तिने विचारला आणि तो योग्य आहे : आयन तर खाली येतोय, इलेक्ट्रॉन सुटण्याचा प्रश्नच नाही. पण मधली पायरी ही हिशेबातली पायरी असते. बेरीज पुरी व्हायची तर पी-जातीच्या सगळ्या अवस्थांचा संच पुरा लागतो, आणि मोकळ्या अवस्थांशिवाय तो पुरा होत नाही. लेंग्थ फॉर्ममध्ये त्यांचा वाटा लहान, व्हेलॉसिटीमध्ये बांधलेल्यांपेक्षाही मोठा. संच अपुरा असला की दोन तऱ्हांमधला नियमाचा धागा तुटतो. आकड्यांतली ती दरी म्हणजे राहिलेल्या कंटिन्युअमची सावली.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. खऱ्या अवस्था एकेक मोजत बसायचं सोडून द्यायचं. त्याऐवजी आरच्या (केंद्रकापासूनच्या अंतराच्या) घातांना एकाच घसरत्या घातांकी फलनाने गुणून वीस-पंचवीस फलनं घ्यायची, त्यांच्यात ऊर्जेचा मॅट्रिक्स मांडायचा आणि तो सोडवायचा. जी उत्तरं येतात त्यांतली खालची काही खऱ्या २पी, ३पी सारखी असतात, वरची कुठल्याच खऱ्या अवस्थेसारखी नसतात, पण सगळी मिळून बांधलेल्यांची आणि मोकळ्यांची मिळून भरपाई करतात. तिला ते सुरुवातीला पटेना. खोट्या अवस्थांची बेरीज खरं उत्तर कसं देईल? मी म्हटलं, वाण्याकडे सुट्टे नसले तर तो चॉकलेटं देतो, हिशेब तरी जुळतो ना. ती म्हणाली, सर, चॉकलेटांनी कधीच नीट जुळत नाही. तेही खरंच. मी उपमा मागे घेतली आणि पाच फलनं घेऊन हातानं करून दाखवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला प्रोग्राम चालला. पाच फलनांवर दोन्ही तऱ्हांचे आकडे एकमेकांकडे सरकलेले. दहावर आणखी जवळ. वीसवर दोन्ही ५२६ आणि ५२७ च्या मधे, आणि दशांशानंतरचे आकडेही सारखे. तिने फलनातला घसरणीचा वेग मुद्दाम बदलून बघितला, थोडा कमी, थोडा जास्त. उत्तर हललं नाही. मग तिने पान ३१ चा आलेख पुन्हा काढला. मधे पठार आलं.

आम्ही दिवसभर राबलो आणि उत्तर ५२३ वरून ५२६ च्या थोडं पुढे गेलं. पाऊण टक्काही नाही.

सोमवार

निळा रिपोर्ट जमा करायचा की नाही यावर कॉलेजात थोडी वादावादी झाली. विभागात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांचं म्हणणं सरळ होतं : दोन्ही आकडे प्रयोगाच्या मर्यादेत बसतात, मग पुन्हा छपाई कशासाठी, मुलीचे पैसे का घालवता. मला ते चिडवणारं वाटलं, पण उत्तर देताना माझीच अडचण झाली, कारण फेब्रुवारीत मीही याच कारणावरून खूण केली होती. मी त्यांना पान ३१ चे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवले. ते बघून ते म्हणाले, ‘हं. हा वेगळा आहे.’ परवानगी मिळाली, तीन दिवसांची.

गुणांचा प्रश्न मात्र नीट सुटला नाही. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘उत्तराची अचूकता’ असा रकाना आहे. त्यात तिला जुन्या रिपोर्टासाठीही पूर्ण गुण मिळाले असते, नव्यासाठीही तेवढेच. शनिवारी रात्री एका रिकाम्या रकान्यासाठी तिने जो आकडा काढला त्याला तक्त्यात रकानाच नाही. मी शेऱ्यात चार ओळी लिहिल्या. शेरे कोण वाचतं.

नव्या रिपोर्टात काय ठेवायचं यावर आमचं दोघांचंही एकमत नव्हतं. मला वाटत होतं, चुकीचा भाग परिशिष्टात टाकावा. तिने तो प्रकरण तीनमध्येच ठेवला. एक साधा तक्ता : फक्त २पी, २पी आणि ३पी, सगळ्या बांधलेल्या, मग पाच, दहा, वीस फलनं. प्रत्येक ओळीत लेंग्थ आणि व्हेलॉसिटी शेजारी शेजारी. पहिल्या ओळीत १०४७ आणि ०. खाली एक टीप : ‘पहिल्या आकड्याला २ ने भागल्यास तो प्रयोगाशी जुळतो. भागण्यास कारण नाही.’ मी त्या टिपेत ‘मार्गदर्शकांच्या सूचनेवरून भागले होते’ असं घालायला सांगितलं. तिने घातलं नाही. म्हणाली, सर, ते बरं दिसत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे शून्य छपाईची चूक आहे का?’ ती उठून फळ्याकडे गेली. २एस, २पी लिहिलं, दोघांच्या ऊर्जा लिहिल्या, वजाबाकी केली. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

यंदा तिच्याच मागच्या बॅचचा एक मुलगा लिथियमचा एक इलेक्ट्रॉन काढलेला आयन घेऊन बसलाय. तिथे दोन इलेक्ट्रॉन, नेमकं तरंगफलन हातानं लिहिता येत नाही, २एस सिंग्लेटचं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांविरुद्ध असलेल्या अवस्थेचं, आयुष्य अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. पहिल्या दिवशी त्याने वहीत एक आकडा दाखवला, प्रयोगाच्या बराच जवळचा. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. ‘प्रोग्राम उघड,’ मी म्हटलं, ‘आणि वरची ओळ दाखव.’